उस्तादांचा नंबर

ज्या माणसानं मला कोर्टात उभं केलं, त्याला मी आजही उस्ताद म्हणतो. त्यात मान वगैरे काही नाही. घरच्या नावानं हाक मारावी एवढं जवळ त्यांनी कधी येऊ दिलं नाही, आणि शिव्या घालाव्यात तर माझं पोट ज्या कामावर चालतं ते काम त्यांच्याच हाताखाली शिकलो. मग उरतं ते उस्ताद.

जुन्या जालन्यात, मस्तगडात त्यांचं घर होतं. दारावर पत्र्याची पाटी. पाटीवर नाव, नावाखाली 'सरकारमान्य विद्युत ठेकेदार' आणि त्याखाली, नावापेक्षा मोठ्या आकड्यांत, लायसनचा नंबर. तो नंबर मला अजून पाठ आहे, पण इथं लिहीत नाही. एकदा लिहिला होता, तेवढं पुरे झालं.

हा नंबर त्यांनी शिडीवर घातला होता, हत्यारांच्या पिशवीवर घातला होता, छत्रीच्या दांड्यावर आणि सायकलच्या मडगार्डवर घातला होता. पाण्याच्या माठावर नव्हता, कारण तिथं त्यांच्या बायकोनं, काकूंनी, घालू दिला नाही. थोरल्या मुलीच्या लग्नपत्रिकेत त्यांनी आपल्या नावापुढं तो छापून घेतला. मुलाकडची मंडळी परभणीकडची. त्यांना वाटलं, मुलीचा बाप पलटणीत होता आणि हा त्याचा शिपाई नंबर. लग्नात त्यांच्यातला एक म्हातारा उस्तादांना फार अदबीनं विचारत होता, "कोणत्या लढाईत होते तुम्ही?"

"परीक्षेत होतो," उस्ताद म्हणाले. "हैदराबादला. लई जण बसल्ते. दोघं पास झालो."

माझ्यासारख्याला आधी कळायचंच नाही की त्या आकड्यांत एवढं काय आहे. मी भोकरदनकडच्या एका खेड्यातून आलेलो. शेत कोरडवाहू, भाऊ पुष्कळ. वाटणीत आपल्या हाती बांधाशिवाय काही लागणार नाही हे शाळेत असतानाच लक्षात आलं होतं. जालन्यात आलो तो कुणाच्या तरी हाताखाली लागायचं म्हणून, आणि लागलो उस्तादांच्या. पुढं काही महिन्यांत नंबराचा अर्थ कळला. घरात तारा ओढायचं काम त्या वेळी कुणीही करायचं. पण घरमालकाला मीटर हवं असेल तर वीज मंडळात टेस्ट रिपोर्ट द्यावा लागायचा, म्हणजे 'हे काम तपासलं, ठीक आहे' असा कागद, आणि त्याखाली लायसनदाराची सही. जिल्हा नवा नवा झाला होता. जिकडंतिकडं घरं उठत होती, बियाणांच्या कंपन्यांची ऑफिसं निघत होती, शेताशेतात मोटारी बसत होत्या. काम करणारे रग्गड आणि लायसनदार बोटावर मोजण्याइतके. मग जे व्हायचं तेच झालं. लायसनदार घरी बसून सह्या विकायचे. काम कुणी केलं, कसं केलं, बघायला कोण जातो? ह्यात चोरी आहे असं कुणाला वाटायचं नाही. तो रिवाजच होता.

उस्ताद सही विकत नसत. स्वतः उभं राहून करून घेतलेल्या कामाखाली सही, नाही तर नाही. इथवर ठीक. पण त्यांचं तेवढ्यावर भागायचं नाही. दुसऱ्यांच्या भिंती वाचणं हा त्यांचा खरा धंदा होता. रस्त्यानं जाताना एक डोळा रस्त्यावर आणि एक पाट्यांवर. कुठं 'लाईट फिटिंग करून मिळेल' असं खडूनं लिहिलेलं दिसलं तरी सायकलवरून उतरायचे आणि विचारायचे, "नंबर काय तुमचा?" त्यांना असं विचारायचा अधिकार कुणी दिला नव्हता. पुढं पुढं तर त्यांना तारेचीही गरज राहिली नाही. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला मूळव्याधीचा एक नवा डॉक्टर बसला होता, बिनटाक्याचा इलाजवाला. उस्ताद आत गेले. मी दाराशी शिडी धरून.

"तुमचा नंबर?" उस्तादांनी विचारलं.

"तुमच्या आधी दोघं आहेत," डॉक्टर म्हणाला. "बसा. बसता येतं ना?"

"मला येतं. तुम्हाला इथं बसता येतं का ते विचारून राह्यलो. कोणत्या परीक्षेचा नंबर?"

तो डॉक्टर नंतर महिन्याभरात उठून गेला. उस्तादांमुळं गेला असं मी म्हणत नाही, पण उस्ताद तसं समजायचे.

लग्नात ते आधी मांडवामागं जायचे. लायटिंगवाल्यानं तारा जोडलेल्या ठिकाणी पट्टी गुंडाळली नसेल तर अक्षता टाकून, न जेवता घरी. वरमाय रुसली तर निदान ती कशानं रुसली हे लोकांना कळतं. उस्ताद गेले की यजमान माझ्याकडं बघायचा, आणि मग मी जेवण सोडून पट्ट्या मारत बसायचो.

त्यांचा डावा हात कायम पँटच्या खिशात. कामात हे बरोबरच आहे. दोन्ही हात तारेला लागले की करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडं जातो. "एक हात खिशात ठेवा," ते सांगायचे, "हात भाजंल, माणूस राहील." पण त्यांचा हात काम संपल्यावरही बाहेर यायचा नाही. चहा पिताना खिशात, सायकल चालवताना खिशात. नमस्कारसुद्धा एका हातानं. देवळातही. पुजाऱ्यानं एकदा टोकलं तर म्हणाले, "देव समजून घेतो. करंट घेत न्हाई."

आणि भाव. मी पुढं जो काही झालो तो भाव करता येतो म्हणून झालो, त्यामुळं हे मला कधीच पचलं नाही. उस्ताद भाव एकदाच सांगायचे. बियाणांच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसचं काम होतं. व्यापाऱ्यानं आकडा ऐकला आणि रिवाजाप्रमाणं तोंड वाईट केलं. "काका, जरा कमी करा."

"करतो," उस्ताद म्हणाले. "जिन्यातला दिवा काढला."

व्यापारी हसला. त्याला ती गंमत वाटली. "अजून थोडं."

"तुमच्या डोक्यावरचा पंखा काढला."

आता तो हसला नाही. काम झालं तेव्हा जिन्यात खरंच दिवा नव्हता आणि त्याच्या खुर्चीवर खरंच पंखा नव्हता. त्या ऑफिसात गिऱ्हाईक बरीच वर्षं चाचपडत वर जायचं. मी त्या वेळी मध्ये पडू पाहत होतो. दिवाही राहिला असता, पंखाही राहिला असता आणि दोघांचीही अब्रू राहिली असती. उस्ताद माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमचा ह्यात संबंध न्हाई."

'तुमचा.' हे आणखी एक. ते मला पहिल्या दिवसापासून अहोजाहो करायचे. मी खाली बसून अर्थिंगचा खड्डा खणतोय, अंगावर माती, आणि हे वरून म्हणणार, "मीठ आणि कोळसा बराबर थरानं टाका तुम्ही." दुसऱ्यांचे उस्ताद पोरांना आईबहिणीवरून शिव्या द्यायचे, कानाखाली काढायचे, आणि दिवाळीला घरी नेऊन जेवू घालायचे. मला त्या शिव्यांचा हेवा वाटायचा. 'तुम्ही' म्हटलेला माणूस दाराबाहेरच उभा राहतो. जेवायला काकू घालायच्या, ते वेगळं.

पाच-सहा वर्षं मी तिथं काढली. पट्टी मारणं, दिव्यांचे गोळे जोडणं, मोटारीचं स्टार्टर बसवणं, अर्थिंग, मेगरचं हँडल फिरवून कुठं करंट गळतोय ते शोधणं, सगळं हातात बसलं. शेवटी शेवटी उस्ताद फक्त खुर्ची टाकून बसायचे आणि काम मी करायचो. काम चांगलं झालं की ते गप्प. वाईट झालं की "खोला". त्यामुळं त्यांच्या गप्प बसण्याची मी वाट बघायचो, दुसरी पोरं शाबासकीची बघतात तशी.

मलाही लायसन पाहिजे होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीखाली राहायला मी गाव सोडलं नव्हतं. त्यासाठी आधी सुपरवायझरची परीक्षा, आणि परीक्षेला बसायचं तर लायसनदाराकडं इतकी वर्षं काम केल्याचा त्याच लायसनदाराचा दाखला. अर्ज आणला आणि उस्तादांपुढं ठेवला.

त्यांनी वाचला, घडी केली, परत दिला. "दाखला देता येत न्हाई."

"का बरं?"

"तुमच्याकडं वायरमनचं परमिट न्हाई. बिगर परमिटचा माणूस कामावर ठेवला असं मला लिहिता येणार न्हाई. मी तसला माणूस ठेवतच न्हाई."

"मंग मी कोण हाय?"

खिशातला हात खिशातच होता. "तुम्ही घरचे," ते म्हणाले.

एवढी वर्षं मला घरचा म्हणायला त्यांना जागा सापडली नव्हती, आणि सापडली ती ही. परमिट काढून देतो, पुढच्या वर्षी काढू, असं ते मी आलो त्या वर्षापासून म्हणत होते. काढायला गेले असते तर मी हाताखाली आहे हे सरकारला कळवावं लागलं असतं, मग आधीची वर्षं कशी काय, हा प्रश्न आला असता. साऱ्या गावाला नंबर विचारत फिरणाऱ्या माणसाच्या घरात हे एक कुलूप होतं, आणि त्याच्या आत मी होतो. त्या दिवशी मी भांडलो. मी भांडलो की गल्ली ऐकते. त्यांनी आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाले, "भांडून दाखला मिळत नसतो," आणि सायकल घेऊन बाहेर गेले.

मी भोकरदनला आलो. बाजाराचं गाव, आजूबाजूला विहिरी, विहिरीवर मोटारी. काम पहिल्याच हंगामात मिळायला लागलं. टेस्ट रिपोर्ट मी दुसऱ्या गावच्या एका लायसनदाराकडून विकत आणायचो, सगळे आणायचे तसा. आणि धंदा लोकांना कळावा म्हणून बसस्टँडच्या वाटेवरची एक भिंत ठरवली.

आमच्याकडं एक रीत आहे. पैलवान असो, शिंपी असो, बँडवाला असो, स्वतःची पाटी लावली की वर उस्तादाचं नाव घालायचं. अमुक उस्तादांचे शागीर्द. त्यानं गिऱ्हाईकाला माणूस कुठल्या हाताचा आहे हे कळतं आणि उस्तादाचं ऋणही राहतं. भांडून आलेला शागीर्दसुद्धा हे चुकवत नाही. मीही चुकवलं नाही. खाली माझं नाव, 'सर्व प्रकारची लाईट फिटिंग व मोटारपंपाची कामं टेस्ट रिपोर्टसह', आणि वर, लोक श्रीगणेशा लिहितात त्या जागी, लाल रंगात उस्तादांचं नाव. आणि नावाखाली नंबर. त्यांचं नाव नंबराशिवाय मी कधी पाहिलंच नव्हतं. नंबर वगळला असता तर मला ते अर्धं नाव वाटलं असतं. शिवाय हेही खरं, की त्या नंबराला बाजारात वजन होतं. मी व्यापारी माणूस आहे, वजन फुकट सोडत नाही.

उस्ताद कुणाच्या तरी लग्नाला भोकरदनला येत होते. बस वळताना खिडकीतून त्यांना भिंत दिसली. ते स्टँडवर उतरले, मागं चालत आले, भिंतीपुढं उभं राहून सगळं वाचलं आणि लग्नाला न जाता पुढच्या गाडीनं परत गेले. हे मला समोरच्या पानवाल्यानं सांगितलं. मला वाटलं, आनंद झाला असेल.

थोड्या दिवसांनी औरंगाबादहून विद्युत निरीक्षकाच्या ऑफिसची नोटीस आली. लायसन नसताना ठेकेदारीची जाहिरात करणं आणि काम करणं, दोन्हीबद्दल. तक्रारदाराचं नाव वाचून मी मिळेल त्या बसनं जालन्याला गेलो आणि चपला न काढता त्यांच्या ओट्यावर चढलो.

"उस्ताद, देवाच्या जागी घातलं होतं तुमचं नाव."

"देवाला लायसन लागत न्हाई. मला लागतं."

"सगळं गाव सह्या विकून राह्यलं. त्यांना न्हाई धरलं, मला धरलं."

"त्यांनी माझा नंबर न्हाई लिहिला. उद्या तुमच्या कामावर कुणी चिकटून मेलं तर भिंतीवर नंबर कुणाचा?"

"माझ्या कामावर कुणी चिकटत न्हाई. हे तुम्हाला माहीत न्हाई का?"

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "भिंतीला माहीत न्हाई."

काकू आतून म्हणाल्या, "अहो, मागं घ्या ना ते. लेकरासारखं राह्यलं आपल्याकडं." एकदा दिलेला अर्ज मागं घेता येतो हेच मुळात उस्तादांना मान्य नव्हतं.

निरीक्षकाच्या ऑफिसचे साहेब भिंत बघायला यायच्या आधी मी ती पांढरी करून घ्यायचं ठरवलं. रंगाऱ्यानं दोन हात सांगितले. मी घासाघीस करून एका हातावर आणला. साहेब आले तेव्हा वरून चुना होता आणि आतून लाल अक्षरं सकाळच्या उन्हात अशी दिसत होती की नुसतं लिहिलेलं असतं तर एवढी उठून दिसली नसती. साहेब म्हणाले, "हे तर तुम्ही फ्रेम करून ठेवलंय."

वकिलाचं आणि माझं फीवरून जमलं नाही, म्हणून कोर्टात मी माझा मीच उभा राहिलो. भोकरदनच्या कोर्टात उस्ताद साक्षीदार म्हणून आले. शपथ घेताना न्यायाधीशांनी त्यांना आधी खिशातला हात बाहेर काढायला लावला. तो हात मी पहिल्यांदाच मोकळा, नुसता लोंबताना पाहिला. त्याला कुठं जावं ते कळत नव्हतं.

सरकारी वकिलानं विचारलं, "आरोपी हे काम धंदा म्हणून करतो, की हौसेखातर?"

"धंदा म्हणून."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी शिकवलं. पाच-सहा वर्षं माझ्या हाताखाली होते. काम माझ्यासारखं करतात. खरं विचाराल तर आता माझ्यापेक्षा साफ करतात. जिल्ह्यात एवढं साफ काम दुसऱ्या कुणाचं न्हाई."

कारकून ते लिहून घेत होता. मी कठड्याला धरून ऐकत होतो. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते शब्द आले ते असे, माझ्यावरचा गुन्हा शाबीत व्हावा म्हणून.

मग न्यायाधीशांनी मला विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचं आहे का? मी रात्रभर बरेच प्रश्न घोकून आलो होतो. त्यातला एकच विचारला.

"मी तुमच्याकडं काम करत होतो तेव्हा माझ्याकडं परमिट होतं का?"

उस्ताद गप्प बसले. त्यांच्या गप्प बसण्याची मला सवय होती, पण हे तसं नव्हतं. न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा सांगितला. ते 'आठवत नाही' म्हणू शकले असते. 'तो घरचा होता' म्हणू शकले असते, मला म्हणाले होते तसं. सरकारी वकीलही काहीतरी खूण करत होता.

"न्हवतं," ते म्हणाले. "बिगर परमिटचं ठेवलं होतं."

कारकुनानं तेही लिहून घेतलं.

मला दंड झाला. मी रिवाजाप्रमाणं हात जोडून म्हटलं, "साहेब, काही कमी होईल का?" मागं लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी दंड तसाच ठेवून वर कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा दिली. आयुष्यात एवढा एकच भाव माझ्या अंगावर उलटला.

मी बाहेरच्या बाकावर बसलो. उस्तादांना जायला मोकळीक होती, पण जालन्याची गाडी संध्याकाळची. तेही येऊन त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. सगळी दुपार आम्ही तसे बसलो होतो. मध्ये एक चहावाला आला. त्यानं दोघं बरोबरचे समजून दोन कप ठेवले. उस्तादांनी आपला कप उचलला नाही, म्हणून मीही उचलला नाही. चहा तसाच निवला. कोर्ट उठलं, मी निघालो, तेव्हा ते अजून बसलेलेच होते.

त्यांच्यावर नोटीस निघाली. त्यांनी वकील लावला नाही, सबब सांगितली नाही. लायसन काही मुदतीसाठी थांबवलं गेलं. गावात लोक मला म्हणायचे, "उस्तादाला खाल्लं रे तू." मी त्यांना सांगायचो, आधी कोण कुणाकडं गेलं ते विचारा. कोर्टात विचारलेल्या त्या प्रश्नाचं मला कधीच वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी खोटं विचारलं नव्हतं.

पण त्यांची पाटी दारावरून उतरली. शिडीवरचा नंबर त्यांनी पॉलिशपेपरनं घासून काढला. रस्त्यानं जाताना ते आता पायांकडं बघून चालायचे. बाजारात एकानं दुकानावर चक्क चुकीच्या ठिकाणी मेन स्विच बसवला होता, ज्याच्यासाठी पूर्वी त्यांनी तासभर उभं राहून भांडण केलं असतं. ते त्याच्यासमोरून निघून गेले. हे मी स्वतः पाहिलं.

दंड झालेल्या माणसाचा परीक्षेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर गठ्ठ्यात खालीच राहतो. माझाही बरीच वर्षं राहिला. अनुभवाचा दाखला द्यायला कुणी तयार नव्हतं. जे सह्या विकायचे तेसुद्धा माझ्या नावाला कचरायला लागले. मग एक दिवस डोकं चाललं. भोकरदनच्या कोर्टात जाऊन उस्तादांच्या साक्षीची नक्कल काढली, शिक्क्यासकट, आणि अर्जाला जोडली. साहेबांनी ती दोनदा वाचली.

"अहो, हा दाखला आहे का गुन्हा?"

"दोन्ही हाय, साहेब. तुम्हाला जे चालंल ते धरा. पण शपथेवर हाय."

त्यांनी वर विचारलं, खाली विचारलं आणि शेवटी दाखला धरला. परीक्षा दिली, पास झालो, पुढं लायसनही आलं. नव्वदीच्या दशकात नवीन जालन्यात दुकान टाकलं. कारखान्यांची कामं घेतली. आज माझ्या सहीला किंमत आहे, आणि ती किती आहे ते मला चांगलं माहीत आहे.

उस्तादांची मुदत कधीच संपली होती. एक अर्ज केला असता तर लायसन परत मिळालं असतं. ते करत नव्हते. लोक म्हणायचे म्हातारा थकला. मला कारण माहीत होतं, कारण तो अर्ज मी स्वतः भरलेला होता. त्यात एक रकाना असतो: पूर्वी दंड अथवा कारवाई झाली आहे काय? होय किंवा नाही.

मी एक कोरा अर्ज घेतला, बाकीचं सगळं स्वच्छ अक्षरात भरलं आणि मस्तगडला गेलो. दया आली होती असं कुणी समजू नये. तो रकाना त्यांनी माझ्यासमोर भरलेला मला बघायचा होता.

ते खूप वाळले होते. चष्मा लावून अर्ज वाचला. त्या रकान्याशी आले आणि पेन खाली ठेवलं.

"हे रिकामं ठेवलं तर?"

"चालत न्हाई."

"तुम्ही काय लिहिलं?"

"होय."

"हात अडला न्हाई?"

"तुमच्यामुळं लिहावं लागलं. मंग माझा हात कशाला अडंल?"

ते पुन्हा पहिल्या ओळीपासून अर्ज वाचायला लागले. मला कंटाळा आला. म्हटलं, "मंग 'नाही' लिहून टाका. एवढ्या वर्षांनी कोण जुन्या फायली काढतो?"

त्यांनी मान वर केली. "तुम्ही माझ्याकडं एवढी वर्षं होता. काय शिकलात?"

"फिटिंग," मी म्हटलं. "तेवढंच मिळालं. दुसरं जे मागितलं ते तुम्ही दिलं न्हाई."

"बराबर," ते म्हणाले. अर्जाची घडी घातली, तो माझ्याकडं सरकवला. मग, मी उठेपर्यंत थांबून, म्हणाले, "पण ते तुम्हाला चांगलं आलं. लई चांगलं आलं."

काकू आतून चहा घेऊन येत होत्या. मी त्यांना म्हटलं, राहू द्या, आणि चपला घालायला लागलो.

"हे मला माहीत हाय, उस्ताद," मी म्हटलं. "त्याची नक्कल आहे माझ्याकडं."